विश्लेषण : काडतूस बंदुकीत ‘बसले’ म्हणजे ते त्या बंदुकीचे असते का?

लवासाच्या दासवे गावातील रंगीत इमारती मागे टाकून मोसे खोऱ्यात थोडे आत गेले, की शहर संपते आणि भातखाचरे सुरू होतात. भात पोटरीला आला की रात्री रानडुकरांचे कळप उतरतात. मुळशी तालुक्यात ही दरवर्षीची डोकेदुखी आहे. त्यामुळे या पट्ट्यात परवान्याची बारा बोअर बंदूक ही काही नवलाईची वस्तू नाही. कुठे ती शेती संरक्षणासाठी घेतलेली असते, कुठे आजोबांच्या नावावरून नातवाच्या नावावर आलेली असते. बंगल्यांच्या, बँकांच्या आणि प्रकल्पांच्या फाटकावर उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाच्या खांद्यावरही बहुतेकदा बारा बोअरच दिसते.

या बंदुकीबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे : काडतूस आत सहज गेले आणि बंदूक नीट बंद झाली, म्हणजे काडतूस बरोबर आहे. प्रत्यक्षात शॉटगनमध्ये चुकीचे काडतूसही अनेकदा अगदी अलगद बसते. धोका तिथेच आहे. हे कसे घडते, नळी का फाटते आणि ते टाळायचे कसे, याचा हा आढावा.

‘बारा बोअर’ म्हणजे नेमके काय?

पिस्तूल किंवा रायफलचे माप मिलिमीटर किंवा इंचात सांगतात. शॉटगनचे माप मात्र जुन्या इंग्रजी पद्धतीने सांगितले जाते. एक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम शिशाचे सारख्या आकाराचे १२ गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. २० गोळे केले तर प्रत्येक गोळा लहान होतो, म्हणून वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा अरुंद असते. आकडा मोठा, तोंड लहान, असा हा उलटा हिशेब आहे.

बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिमी असतो, सोळा बोअरचा १६.८ मिमी आणि वीस बोअरचा १५.६ मिमी. म्हणजे बारा आणि वीस यांच्यात जेमतेम तीन मिलिमीटरचा फरक आहे. अंधारात, पावसात, खिशात हात घालून काडतूस काढताना हा फरक बोटांना कळेलच असे नाही.

नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते ती जागा म्हणजे चेंबर. ती नळीपेक्षा थोडी रुंद असते. चेंबर संपून नळी सुरू होते तिथे निमुळता उतार असतो. त्याला इंग्रजीत ‘फोर्सिंग कोन’ म्हणतात. पुढच्या सगळ्या प्रकरणात या निमुळत्या जागेचे काम महत्त्वाचे आहे.

पहिला धोका : बाराच्या बंदुकीत वीसचे काडतूस

ही शॉटगनच्या अपघातांमधली सर्वात कुप्रसिद्ध चूक. जगभरातील नेमबाज तिला ‘बारा-वीसचा स्फोट’ या अर्थाच्या नावानेच ओळखतात.

काडतुसाच्या बुडाला पितळी कडा असते. ही कडा चेंबरच्या तोंडाशी अडकते, म्हणून काडतूस जागेवर राहते. वीस बोअरच्या काडतुसाची कडा बारा बोअरच्या चेंबरपेक्षा लहान असते. त्यामुळे ते तोंडाशी अडकत नाही, सरळ आत घसरते आणि निमुळत्या जागेपाशी जाऊन घट्ट बसते. म्हणजे ते चेंबरच्या पलीकडे, नळीच्या सुरुवातीला अडकते.

आता बंदूक उचलणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहू. तो चाप ओढतो. नुसता ‘खट्’ आवाज होतो, कारण आघात करणारी पिन पुढे सरकलेल्या काडतुसापर्यंत पोहोचतच नाही. त्याला वाटते, काडतूस फुसके निघाले किंवा भरायचेच राहिले. तो बंदूक मोडतो, म्हणजे मधून उघडतो. चेंबर रिकामे दिसते. तो बारा बोअरचे योग्य काडतूस भरतो. तेही नीट बसते, कारण त्याची जागा खरोखरच मोकळी आहे. बंदूक बंद होते. तो पुन्हा चाप ओढतो.

बाराच्या काडतुसातील छर्रे आणि वायू पुढे निघतात आणि काही सेंटीमीटरवरच आडव्या आलेल्या भरलेल्या काडतुसावर आदळतात. रस्ता बंद असल्याने वायूचा दाब क्षणार्धात वाढतो. पुढचे काडतूसही त्याच क्षणी पेटू शकते. नळी चेंबरच्या जरा पुढे फाटते. बंदूक नेम धरून रोखली असता आधाराचा हात नेमका तिथेच असतो.

याच कारणासाठी बहुतांश उत्पादक वीस बोअरचे काडतूस पिवळ्या रंगाचे बनवतात. अमेरिकेतील उद्योगाने हा रंग वीससाठी राखून ठेवला आणि इतरांनीही तो बऱ्याच प्रमाणात स्वीकारला. मात्र उलटा निष्कर्ष काढू नये. पिवळे नाही म्हणजे ते बाराचेच, असे नसते. बारा बोअरची काडतुसे लाल, हिरवी, निळी, काळी कोणत्याही रंगाची येतात. शिवाय जुन्या कागदी काडतुसांचा रंग वर्षानुवर्षांत उडालेला असतो.

असाच प्रकार वीसच्या बंदुकीत अठ्ठावीस बोअरचे काडतूस गेल्यावरही होऊ शकतो. म्हणून ज्या घरात दोन वेगवेगळ्या बोअरच्या बंदुका आहेत, तिथे धोका सर्वात जास्त.

दुसरा धोका : बोअर तोच, लांबी वेगळी

बारा-वीसची चूक निदान डोळ्यांना दिसू शकते. लांबीची चूक बहुतेकांना माहीतच नसते.

बारा बोअरची काडतुसे प्रामुख्याने तीन लांबींत मिळतात : ६५ मिमी (अडीच इंच), ७० मिमी (पावणेतीन इंच) आणि ७६ मिमी (तीन इंच, ज्याला ‘मॅग्नम’ म्हणतात). इंग्रजी अमदानीत भारतात आलेल्या अनेक दुनळी बंदुकांचे चेंबर ६५ मिमीचे आहे. पुढच्या काळातील बंदुकांत ७० मिमी रूढ झाले.

खरी मेख अशी, की काडतुसावर छापलेली लांबी ही उडवल्यानंतरची असते. भरलेल्या काडतुसाचे तोंड आत दुमडून बंद केलेले असते. त्यामुळे ७० मिमीचे न उडवलेले काडतूस प्रत्यक्षात ६० मिमीच्याही आत भरते. ते ६५ मिमीच्या जुन्या चेंबरमध्ये अगदी आरामात बसते. बंदूक बंद होते. काहीही खटकत नाही.

चाप ओढल्यावर मात्र दुमडलेले तोंड उलगडते. उलगडायला ७० मिमी जागा हवी आणि चेंबर आहे ६५ मिमीचे. उरलेले पाच मिलिमीटर निमुळत्या जागेत घुसते आणि छर्ऱ्यांचा रस्ता आवळते. छर्रे आणि त्यामागचा गट्टा, म्हणजे वॉड, या आवळलेल्या तोंडातून जबरदस्तीने पुढे जातात. दाब बंदुकीच्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा वर जातो. ७० मिमीच्या चेंबरमध्ये ७६ मिमीचे मॅग्नम भरले, तर हेच होते. त्यात मॅग्नममध्ये मुळातच माल जास्त भरलेला असतो.

उलट बाजूने धोका तेवढा नाही. ७० मिमीच्या चेंबरमध्ये ६५ मिमीचे काडतूस सर्वसाधारणपणे सुरक्षित मानले जाते. लक्षात ठेवायचे सूत्र इतकेच : काडतुसाची लांबी चेंबरइतकी किंवा चेंबरपेक्षा कमी असावी, जास्त कधीही नाही. त्याला एकच अपवाद. एखाद्या उत्पादकाने ते काडतूस लहान चेंबरसाठी योग्य असल्याचे डबीवर स्पष्ट छापले असेल तर.

आतला दाब असतो तरी किती?

घरातील प्रेशर कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बारने जास्त असतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो. युरोपीय मानकानुसार साध्या बारा बोअर काडतुसासाठी कमाल दाब ७४० बार धरला जातो, मॅग्नमसारख्या जादा क्षमतेच्या काडतुसांसाठी १०५० बार.

हा आकडा बळात मांडला तर चित्र अधिक स्पष्ट होते. ७४० बार दाब असताना चेंबरच्या केवळ एक सेंटीमीटर लांबीवर, तिला उभी चिरू पाहणारे बल साधारण दीड टन वजनाइतके भरते. म्हणजे जवळपास एका मोटारीचे वजन एका सेंटीमीटरवर. पोलादाची भिंत हे बल क्षणभर पेलते आणि दाब ओसरतो. म्हणूनच चेंबरपाशी नळी जाड ठेवतात आणि तोंडाकडे पातळ करत नेतात. दाब जास्तीत जास्त असतो तो पहिल्या काही सेंटीमीटरमध्ये. पुढे छर्रे सरकतात तसा तो झपाट्याने उतरतो.

अडथळा आल्यावर हे गणित बिघडते. जिथे पोलाद पातळ आहे तिथे दाब चढतो. नळी तिथे फुगते किंवा फाटते.

‘मी तर दहा वेळा उडवलेय, काही झाले नाही’

हा युक्तिवाद गावोगाव ऐकू येतो आणि तो खोटाही नसतो. चुकीच्या लांबीचे काडतूस प्रत्येक वेळी नळी फोडत नाही. बंदूक विकण्यापूर्वी तिची कसोटी घेतात, ती मर्यादेपेक्षा जास्त दाबावर. युरोपीय मानकात ७४० बारच्या बंदुकीची चाचणी ९३० बारला होते, म्हणजे सुमारे २५ टक्के वर. ही वाढीव ताकद उत्पादनातील किरकोळ फरक, उष्णता, झीज यांसाठी राखीव ठेव असते.

चुकीचे काडतूस उडवणारा माणूस नकळत ही राखीव ठेव खात असतो. आधी खांद्याला झटका जरा जास्त बसतो. मग बंदूक बंद केल्यावर सांध्यात खुळखुळाट येतो. रिकामे काडतूस काढायला जड जाते, त्याच्या तोंडाच्या चिंध्या झालेल्या दिसतात. ही सगळी पूर्वसूचनाच असते. त्यातच बंदूक ७०-८० वर्षे जुनी असेल, नळी आतून गंजाने खाल्लेली असेल, तर राखीव ठेव किती उरली आहे हे बाहेरून सांगता येत नाही.

डमास्कस नळी म्हणजे काय आणि ती वेगळी का?

काही जुन्या बंदुकांच्या नळीवर सापाच्या कातडीसारखी किंवा पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, एकमेकींना जोडून या नळ्या बनवत. त्यांना डमास्कस म्हणतात. त्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या आहेत. आजची काडतुसे धूरविरहित नायट्रो दारूची असतात. तिची दाब देण्याची रीत वेगळी आणि त्या नळ्यांना न झेपणारी असू शकते.

ब्रिटिश बंदुकांवर नायट्रो दारूची चाचणी झालेली असल्यास तसे शब्द किंवा ‘एनपी’ अशी अक्षरे ठोकलेली असतात. ती नसतील तर अशी बंदूक भिंतीवर शोभेला ठेवणे उत्तम.

तिसरा धोका : नाव एक, काडतुसे दोन

नावाच्या साधर्म्यामुळे होणाऱ्या घोटाळ्याचे उत्तम उदाहरण भारतातच आहे. इंग्रजी राजवटीत .३०३ रायफली बदलून पोलिसांसाठी .४१० मस्केट तयार करण्यात आली. ईशापूरच्या कारखान्यात ती बनत असे. तिचे काडतूस .३०३ च्याच पितळी टोपणाची निमुळती मान सरळ करून बनवलेले होते. दुसरीकडे .४१० नावाची एक लहान शॉटगनही जगभर वापरली जाते आणि तिचे काडतूस पूर्ण वेगळे आहे. दोन्हींवर आकडा एकच, पण ही काडतुसे परस्परांत वापरण्याजोगी नाहीत. आकडा जुळला म्हणजे सगळे जुळले, ही समजूत इथे साफ फसते.

छर्रे, गोळी आणि ‘चोक’चे काय?

बोअर आणि लांबी बरोबर असली तरी आतला माल बंदुकीला मानवेल असे नसते. छर्रे दूरवर एकत्र जावेत म्हणून अनेक नळ्यांचे तोंड किंचित आवळलेले असते. त्याला चोक म्हणतात. दुनळीच्या दोन नळ्यांचे चोक बहुधा वेगवेगळे असतात. बारीक शिशाचे छर्रे आवळलेल्या तोंडातून सहज निघतात. पूर्ण व्यासाची एकच शिशाची गोळी ‘फुल चोक’मधून गेल्यास मात्र तोंडाशी नळी फुगू शकते. पोलादी छर्रे शिशासारखे दबत नाहीत, त्यामुळे जुन्या नळ्यांत ते वापरू नयेत. एलजी, एसजी यांसारखे जाड छर्रे वापरण्यापूर्वीही चोक किती आहे हे जाणकाराकडून समजून घेणे शहाणपणाचे.

घरी पुन्हा भरलेली काडतुसे हा तर वेगळाच जुगार. आत दारू कोणती, किती आणि कोणी भरली हे काडतुसाकडे पाहून कळत नाही.

मुळशीतला पाऊस यात कुठे येतो?

लवासा आणि ताम्हिणीचा परिसर पुणे जिल्ह्यातील अतिपावसाच्या भागात मोडतो. दमट हवेत कागदी काडतुसे फुगतात, टोप्या गंजतात, दारू सादळते. सादळलेल्या काडतुसाचा आवाज कधी ‘फुस्स’ असा येतो. छर्रे जेमतेम बाहेर पडतात आणि वॉड नळीतच अडकतो. त्यामागून दुसरे काडतूस उडवले, तर परिणाम बारा-वीसच्या चुकीसारखाच. खोपटात उभ्या ठेवलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले किंवा बांधावर घसरून नळीच्या तोंडात चिखल गेला, तरी हाच धोका.

म्हणून आवाज किंवा झटका नेहमीपेक्षा कमी वाटला, तर थांबायचे. काडतूस अजिबात उडाले नाही तर नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान ३० सेकंद वाट पाहायची, कारण टोपी उशिराने पेट घेऊ शकते. मग बंदूक उघडून, काडतुसे काढून, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का हे पाहायचे. चेंबर रिकामे दिसणे पुरेसे नाही, नळीतून पलीकडचे आकाश दिसले पाहिजे.

बरोबर काडतूस ओळखायचे कसे?

आकडे तीन ठिकाणी जुळवायचे : नळीवर, काडतुसावर आणि डबीवर.

दुनळी बंदुकीची नळी वेगळी काढली, की चेंबरच्या खालच्या सपाट भागावर ठोकलेल्या खुणा दिसतात. त्यात बोअर आणि अनेकदा चेंबरची लांबी असते, जसे ‘१२’ आणि ‘६५’ किंवा ‘७०’, जुन्या ब्रिटिश बंदुकांत इंचांत. काडतुसाच्या पितळी बुडावर बोअरचा आकडा आणि उत्पादकाची खूण असते. लांबी बहुधा प्लॅस्टिकच्या अंगावर किंवा डबीवर छापलेली असते. म्हणूनच डबी फेकून काडतुसे सुटी ठेवणे ही अर्धी माहिती फेकून देण्यासारखे आहे.

या बाबतीत पुणेकरांना फार लांब जायला नको. काडतुसे बनवणारा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून सुरू आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे सात कंपन्यांत विभाजन झाले, तेव्हा तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेला. या कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आहे. मात्र उत्तम कारखान्याचे निर्दोष काडतूसही चुकीच्या चेंबरमध्ये तितकेच धोकादायक ठरते. दोष मालात नसतो, जोडीत असतो.

शस्त्र परवान्यावर भिस्त ठेवता येत नाही. त्यावर साधारणपणे बंदुकीचा प्रकार, बोअर आणि क्रमांक असतो. ‘बारा बोअर डबल बॅरल’ इतके वाचून दुकानदार बाराची काडतुसे देईल. चेंबर ६५ चे की ७० चे, हे मालकाने सांगितले तरच त्याला कळणार. नळीवरच्या खुणा पुसट असतील तर परवानाधारक बंदूक दुरुस्ती कारागिराकडून चेंबर मोजून घ्यावे. हे काम आयुष्यात एकदाच करावे लागते.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम १९५९ नुसार बंदूक आणि काडतुसे दोन्हींसाठी परवाना लागतो. शेती संरक्षणासाठी कायद्यात मुळात ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ती पुरेशी नसल्याची खात्री पटल्यास परवाना अधिकारी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करू शकतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. लग्नात, मिरवणुकीत बेदरकारपणे हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

परवानाधारकाचे निधन झाले, तर बंदूक आणि काडतुसे घरात तशीच ठेवता येत नाहीत. वारसांनी ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून आपल्या नावे परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. जुन्या पेटीतली, कोणत्या बंदुकीची हे न समजणारी काडतुसे नव्या मालकाच्या हाती पडतात ती बहुधा याच वेळी. ती उडवून संपवू नयेत, जाळू नयेत, धरणात किंवा ओढ्यात टाकू नयेत. बंदुकीसोबत तीही जमा करावीत.

शेती संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मुळे रानडुकराला मारण्यासाठी वनखात्याची रीतसर परवानगी लागते. पिकाच्या नुकसानीची भरपाईही याच खात्याकडे मागता येते.

बंदूक बाळगणाऱ्यांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

• नळीवरचा बोअर आणि चेंबरची लांबी एका चिठ्ठीवर लिहून काडतुसांच्या डबीत ठेवा.
• एका वेळी एकाच बोअरची काडतुसे खिशात किंवा पट्ट्यात ठेवा. दोन बोअरच्या बंदुका असतील तर कुलपाची कपाटेही वेगळी ठेवा.
• पाळी बदलताना दुसऱ्या रक्षकाकडून सुटी काडतुसे घेऊ नका. घेतलीच तर एकेकाचे बूड वाचून घ्या.
• निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत घेताना नळी आरपार पाहा आणि काडतुसे मोजून, वाचून घ्या.
• बंदूक भरण्यापूर्वी प्रत्येक वेळी नळीतून उजेड पाहा. ‘खट्’ किंवा ‘फुस्स’ झाल्यावर तर नक्कीच.
• काडतूस कोणते हे खात्रीने सांगता येत नसेल, तर ते भरू नका.

काडतुसाच्या बुडावरचा आकडा वाचायला बॅटरीच्या उजेडात पाच सेकंद लागतात. रात्रीच्या पहाऱ्यावर, डुकरांचा आवाज आल्यावर, ते पाच सेकंद नको वाटतात. पण चूक झाली तर समोरचे डुक्कर धूम ठोकते आणि फाटलेली नळी धरलेला हात शेतकऱ्याचा किंवा रक्षकाचा असतो. वाचायचेच असेल तर ते दिवसाउजेडी, घरी बसून, पहाऱ्याला निघण्यापूर्वी वाचून ठेवणे सोपे.